मोजा घातलेली बेल

मित्रांनो, मी एक जुनी बेल आहे, दारावरची. सध्या मात्र माझा मुक्काम स्वयंपाकघरातल्या सगळ्यात खालच्या खणात आहे. शेजारी एक गेलेला बल्ब, दोन स्क्रू ड्रायव्हर आणि एक लहानसा पिवळा मोजा. मोजा माझ्या नात्यातला नाही, पण त्याच्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही. ही गोष्ट अभिमानाने सांगावी अशी नाही. आजवर मी ती कुणाला सांगितली नाही, कारण मला कुणी विचारलंच नाही. बेलला कोण काय विचारणार?

माझा जन्म एका लांबट कारखान्यात झाला. माझ्या पोटात दोन पट्ट्या आहेत, एक जाड आणि एक पातळ. मधे एक लोखंडी दांडा आणि त्याला स्प्रिंग. बाहेरचं बटण कुणी दाबलं की दांडा पुढे धावतो आणि पातळ पट्टीवर आपटतो, डिंग. बोट उचललं की तो मागे येतो आणि जाड पट्टीवर आपटतो, डाँग. बस, एवढंच माझं ज्ञान. पण मी ते मन लावून शिकले होते. कारखान्यात शेवटच्या टेबलाशी एक चष्मेवाल्या बाई बसायच्या. त्या प्रत्येक बेल एकदा वाजवून बघायच्या. आवाज चिरका निघाला की सरळ टोपलीत. माझी पाळी आली, त्यांनी मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाल्या, “ही गोड आहे गं.” त्या एका वाक्यावर मी पुढे कित्येक वर्षं काढली.

मग मी या घरी आले, तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या अगदी तोंडाशी. वायरमनने मला आत, दाराच्या वरच्या भिंतीवर बसवलं. तिथून मला बाहेरची खोली दिसायची, स्वयंपाकघराचा अर्धा ओटा दिसायचा, आणि झोपायच्या खोलीचं दार उघडं असलं तर पलंगाची एक कड. बटण तेवढं बाहेर जिन्यात. त्या बटणावर पडणारी बोटं मी डोळे मिटून ओळखायची. दूधवाल्याचं बोट घाईचं, त्याच्या डिंग आणि डाँगमधे श्वास घ्यायलाही जागा नसे. समोरच्या बिऱ्हाडातल्या आजोबांचं बोट विसरभोळं. ते डिंग करून तिथेच विचार करत उभे राहायचे. डाँगला अर्धा मिनिट वाट बघावी लागे.

या घरात एक जोडपं नव्याने राहायला आलं. ती कॉलेजात शिकलेली, पुस्तकं वाचणारी, सगळं दोनदा तपासणारी. गॅस बंद केला का, तपासायची. मग तपासला का, तेही तपासायची. पहिल्याच दिवशी तिने मला फडक्याने पुसलं आणि नवऱ्याला म्हणाली, “आवाज किती छान आहे हिचा. बेल अशी हवी, पाहुणा आल्याचा आनंद होईल अशी.” मी मनात म्हटलं, झालं, जन्माचं सार्थक झालं.

मग बाळ आलं.

मित्रांनो, तुम्ही सगळे कधीतरी बाळ होतात, तेव्हा तुम्हाला आता सांगायला हरकत नाही. तुम्ही झोपत नव्हतात. आमचं बाळही झोपत नसे. मांडीवर झोपलं की पलंगावर ठेवताच जागं. पलंगावर झोपलं की आईने श्वास सोडताच जागं. झोपलंच कधी, तर आई त्याच्या छातीवर तळहात ठेवून बघायची, श्वास चालू आहे ना. आणि त्या हातानेच ते जागं व्हायचं. बाळाचे बाबा सकाळी कामावर जायचे ते दिवेलागणीला यायचे. मधल्या सगळ्या वेळात घरात दोघंच, आई आणि बाळ. आणि भिंतीवर मी.

एका दुपारी दोन तासांच्या खटपटीनंतर बाळ झोपलं. त्याच क्षणी कुणीतरी खालच्या मजल्याऐवजी आमचं बटण दाबलं. मी आपली नेहमीसारखी गोड वाजले. बाळ किंचाळत उठलं. आई त्याला घेऊन जमिनीवरच बसली, माझ्याकडे वर बघत रडत म्हणाली, “ही बेल काढूनच टाकते एकदाची.”

माझ्या पट्ट्या गार पडल्या. गोड म्हणून कौतुक झालेली मी, आता नकोशी झाले होते.

तिने मला काढलं नाही. दुसऱ्या दिवशी स्टूल घेऊन ती वर आली, माझं झाकण उघडलं आणि बाळाचा एक पिवळा मोजा माझ्या दांड्यावर चढवला. चवड्याकडचा भाग पातळ पट्टीकडे, टाच जाड पट्टीकडे. आता बटण दाबलं की मी फक्त ‘ठप्’ म्हणायची, उशीवर कुणी हलकेच थाप मारावी तसं. बाळाला ते ऐकू जात नसे, आईला मात्र घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून ऐकू जाई. बाहेर बटणाशेजारी तिने एक चिठ्ठी चिकटवली, ‘बाळ झोपलंय. बेल हळू दाबा.’ खाली मिटलेल्या डोळ्यांचा एक चेहरा काढला. आता बटण हळू दाबलं काय आणि जोरात दाबलं काय, वीज तेवढीच येते. पण हे तिला कोण सांगणार? आणि लोकही इतके भले, की चिठ्ठी वाचून बोटाच्या अगदी टोकाने बटण दाबायचे.

असे काही आठवडे गेले. मग तो रविवार आला.

त्या दिवशी बाळाची आजी आणि आत्या, म्हणजे आईच्या सासूबाई आणि धाकटी नणंद, एक वाजता जेवायला यायच्या होत्या. बाळ झाल्यावर या घरी पहिल्यांदाच. बाबांची नेमकी रविवारची पाळी लागली होती. सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या, “तुला जमणार नसेल तर आम्ही काहीतरी करून आणतो.” साधंच वाक्य. पण आईला ते टोचलं. ती म्हणाली, “छे, आई, सगळं घरीच करते मी.” याआधी सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या, “मी दोन मुलं वाढवली, पण दिवसा कधी पाठ टेकली नाही.” तेही तिने मनात जपून ठेवलं होतं. ती असली वाक्यं जपून ठेवायची.

आदली रात्र बाळाने जागून काढली. सकाळी आईला भाजी चिरताना सुरी कुठे ठेवली ते आठवेना. शेवटी तिने फोन उचलला आणि बाहेरून जेवण मागवलं, दोन भाज्या, भात, एक गोड पदार्थ. वेळ दिली साडेअकराची. म्हणजे सगळं आपल्या पातेल्यांत काढून, वर कोथिंबीर पेरून, खोकी खाली कचऱ्यात टाकून यायला वेळ मिळेल. कोथिंबीर तर तिने चिरूनही ठेवली. मग अकराच्या सुमारास बाळ झोपलं. त्याच्याशेजारी ती अंग तिरकं करून नुसती टेकली, फोन आवाज बंद करून उशीखाली ठेवला, आणि झोपली. कितीतरी दिवसांनी मी तिचा चेहरा असा सैल पडलेला बघितला. तोंड किंचित उघडं. हात बाळाच्या पोटावर.

बरोबर साडेअकराला बटणावर एक अनोळखी बोट आलं. वयस्कर बोट, थोडं थरथरणारं. त्याने चिठ्ठी वाचली असणार, कारण ते अगदी हळू टेकलं.

आता नीट ऐका. इथेच माझी चूक आहे.

त्या दिवशी मोजा थोडा सरकला होता. टाचेकडून दांड्याचं टोक उघडं पडलं होतं. मी नेहमीसारखा जोर लावला असता तर डाँग नाही, पण निदान एक टणक ‘टक्’ तरी झालं असतं. आई त्या आवाजाने नक्की उठली असती. मी जोर लावला नाही. मी अंग चोरलं. दांडा कसाबसा पुढे नेला आणि अलगद मागे आणला. साधं ‘ठप्’ही धड झालं नाही. थोड्या वेळाने ते बोट पुन्हा टेकलं. मी पुन्हा अंग चोरलं. बाहेर कुणीतरी घसा खाकरला, पण दारावर थाप मारली नाही. उशीखालचा फोन दोनदा थरथरून गप्प झाला. मग जिन्यावर पावलं वाजली, एक पाय जड आणि एक हलका, तीन मजले खाली.

मला काय वाटलं सांगू? मी किती गुणाची, असं वाटलं. आईला झोपू दिलं. वाटलं, आता ही मला कधीच काढून टाकणार नाही.

सव्वाबाराला आई दचकून उठली. आधी बाळाचा श्वास बघितला, मग घड्याळ, मग फोन. फोनवर लिहिलं होतं, ‘ग्राहक भेटले नाहीत. ऑर्डर परत नेली.’ मग घाबरलेलं माणूस जे करतं तेच तिने केलं. तिने रागवायला कुणीतरी शोधलं. जेवण पाठवणाऱ्यांच्या ऑफिसला फोन लावून ती दबक्या आवाजात, पण भराभर बोलली. “तुमचा माणूस आलाच नाही. मी घरातच होते, जागीच होते. बेल वाजली असती तर मला ऐकू आली नसती का? तक्रार लिहून घ्या. येत नाहीत आणि खुशाल खोटं सांगतात.” पलीकडून कुणीतरी म्हणालं, चौकशी करतो. तिने फोन ठेवला.

मी भिंतीवर होते. मी सगळं ऐकलं. मी काय करू शकत होते? आपणहून वाजता येत नाही मला. पण त्या क्षणी माझा गुणीपणा मोज्यातून गळून खाली पडला.

पाऊण तासात तिने जमेल ते केलं. भात, डाळ, एक बटाट्याची भाजी. स्टूलावर चढून माझा मोजा काढला आणि खणात टाकला. चिठ्ठीही काढली, कारण सासूबाईंचं मत होतं की बाळाला आवाजाची सवय झाली पाहिजे. दोघी आल्या तेव्हा नणंदेने दारातूनच विचारलं, “वहिनी, केस विंचरायला वेळ नाही मिळाला की ही नवी फॅशन?” आई हसली, पण हात केसांकडे गेलाच.

जेवायला बसल्या. सासूबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं, ते तिथेच पेंगलं. पहिला घास खाऊन त्या म्हणाल्या, “साधंच आहे, पण चव आहे हो. घरचं ते घरचं.” आईचे खांदे कानांपासून दोन बोटं खाली आले. तिला वाटलं, निभावलं.

आणि मी वाजले. पूर्ण आवाजात, गोडबीड. बोट तेच, वयस्कर, थरथरणारं. बाळ मांडीवरून किंचाळत उठलं.

आईने दार उघडलं. जिन्यात एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उभे होते, पाठीवर मोठी चौकोनी पिशवी, एक हात गुडघ्यावर. धापेने त्यांना आधी बोलताच येईना. मग म्हणाले, “ताई, तुमचं जेवण. ऑफिसने पुन्हा पाठवलं. माफ करा, उशीर झाला.”

मागे ताटांवरून दोघी बघत होत्या. आई म्हणाली, “आमचं नाही हे. तुम्ही चुकीच्या घरी आलात.”

“तिसरा मजला, जिन्यालगतचं दार. हेच आहे, ताई. मी साडेअकराला आलो होतो.”

“साडेअकराला कुणीही आलं नव्हतं. मी घरातच होते.”

नणंदेने हातातला घास तसाच ठेवला. “वहिनी, जेवण आपलं नाही म्हणतेस, आणि साडेअकराला आलं नाही म्हणतेस. दोन्ही एकदम कसं?”

आई लाल झाली. ते गृहस्थही ओशाळले, जणू चूक त्यांचीच. ते हळू आवाजात म्हणाले, “राहू द्या, ताई. जेवण नको असेल तर नेतो परत. फक्त ऑफिसात एवढं कळवा, की माणूस आला होता. माझ्या नावावर ही तिसरी तक्रार. तिसरीला काम बंद करतात. या वयात दुसरीकडे कोण घेतं?”

आईने दार थोडं पुढे ओढलं. तिचा हात दाराच्या कडीवर होता. ती दार लावून घेईल असं मला वाटलं, आणि खरं सांगते, मला तेच हवं होतं. दार लागलं असतं तर माझंही झाकलं गेलं असतं.

त्यांनी पिशवीचा पट्टा खांद्यावर सारखा केला आणि जाता जाता म्हणाले, “दोनदा दाबली होती बेल, हळू. तिसऱ्यांदा दाबायला हात धजला नाही. डोळे मिटलेलं बाळ काढलं होतं ना तुम्ही चिठ्ठीवर. म्हटलं, कशाला उठवायचं.”

आईने बटणाशेजारच्या भिंतीकडे बघितलं. तिथे आता चिठ्ठी नव्हती, नुसते चिकटपट्टीचे डाग. ते डाग बघून कुणालाही मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा सांगता आला नसता. साडेअकराला तिथे उभ्या असलेल्या माणसालाच तो माहीत असणार.

तिचा हात कडीवरून खाली आला.

“काका, थांबा,” ती म्हणाली. तिने तिथेच, दारात, सगळ्यांसमोर फोन लावला. आत जाऊन लावता आला असता. ती आत गेली नाही. “मघाशी मी तक्रार केली होती. ती खोटी आहे. तुमचा माणूस वेळेवर आला होता.” पलीकडून काहीतरी विचारलं. तिचा आवाज खाली गेला. “नाही, मी जागी नव्हते. मी झोपले होते. बेल वाजली असणार, आमची बेल चांगली आहे. मलाच ऐकू आली नाही.”

मित्रांनो, माझी बाजू घेणारं ते वाक्य मला अजून टोचतं. आमची बेल चांगली आहे, म्हणाली ती.

पलीकडचा माणूस म्हणाला, नोंद करतो, वरच्यांना दाखवावं लागेल. एवढंच. ती म्हणाली, “माझं नाव लिहा, तक्रार मागे घेतली असं लिहा, आणि मला उलटा फोन करून सांगा.” मग तिने काकांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. ते उभ्यानेच पाणी प्यायले, कारण अजून दोन घरं बाकी होती. ती म्हणाली, “काका, तुमची माफी मागते.” ते म्हणाले, “माझी सूनही अशीच दमते, ताई,” आणि ते जिना उतरले, एक पाय जड, एक हलका.

आई खोकी घेऊन आत आली आणि ती लपवायला आता जागाच नाही म्हणून टेबलावर ठेवली. “जेवण मीच मागवलं होतं, आई,” ती म्हणाली. “आणि मी दिवसा झोपले होते.”

सासूबाई बाळाला थोपटत राहिल्या. नणंद म्हणाली, “आई, आता सांगून टाक की. तू आम्हाला दुपारी शेजारी खेळायला पाठवायचीस आणि आतून कडी लावायचीस. आम्हाला वाटायचं, तू पूजा करतेस.”

“गप गं,” सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी एक खोकं आपल्याकडे ओढलं. “रात्री किती वेळा उठतो हा?”

“पाच. कधी सहा.”

“मग सांगायचं नाही का?” त्या म्हणाल्या, आणि त्यांचाच आवाज जरा खाली गेला. “मीच तसलं बोलले होते म्हणा.”

त्या दिवशी त्या घरात जिने तिने आपापला वाटा कबूल केला. आईने केला, सासूबाईंनीही अर्धामुर्धा केला. माझा तेवढा राहिला. मी आईवर दया केली असं मला वाटलं होतं. खरं तर मी स्वतःला वाचवत होते. मला भिंतीवरून उतरायचं नव्हतं, म्हणून एका दुखऱ्या गुडघ्याला मी तीन मजले दोनदा चढायला लावले.

ऑफिसचा उलटा फोन आला नाही. आईने तीनदा लावला, तिन्ही वेळा पलीकडून ‘बघतो’ एवढंच उत्तर मिळालं. पुढे महिनाभर मी प्रत्येक बोट तपासत होते. दूधवाला, आजोबा, कोण कोण. ते बोट काही येईना. आई पुन्हा जेवण मागवायची तेव्हा दार उघडताना आधी चेहरा बघायची, आणि दुसराच कुणी दिसला की ‘धन्यवाद’ म्हणताना तिचा आवाज पडायचा.

मग एका दुपारी, बाळ नुकतंच झोपलेलं असताना, बटणावर काहीतरी अगदी हळू टेकलं. मोजा खणात होता. मी अंगात होता नव्हता तेवढा जोर लावला. डिंग. डाँग. बाळाने भोकाड पसरलं. आई धावत आली, दार उघडलं. पांढऱ्या मिशा, चौकोनी पिशवी.

“झोपलं होतं का?” काका घाबरून म्हणाले. “तरी मी हळूच दाबली, ताई.”

“झोपलं होतं,” आई म्हणाली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. “उठू दे. पुन्हा झोपवीन. तुम्ही वाजवत जा, काका.”

पुढे बाळ मोठं झालं, शाळेत गेलं. दाराला नवी बेल लागली. तिला म्हणे दारात कोण आहे ते दिसतंही. मी खणात आले, आणि माझ्या शेजारी हा मोजा. नव्या बेलबद्दल माझी काही तक्रार नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरची बेल कधीतरी झाकण उघडून पुसा, ती धड वाजते का बघा. आणि दारात दमून उभा राहिलेला कुणी म्हणाला, “मी आलो होतो,” तर त्याला लगेच खोटं पाडू नका. आधी आपल्या भिंतीकडे वर बघा. तिथे माझ्यासारखी एखादी गप्प बसलेली असेल, आणि तिला तुमच्याशिवाय कुणी काही विचारणार नाही.